काळ्या रानातलं मशीन खाऱ्या वाळूवर: समुद्रकिनाऱ्यासाठी मेटल डिटेक्टर कसा लावायचा

मराठवाड्याला समुद्र नाही, पण मेटल डिटेक्टर आता आपल्याकडं बऱ्याच जणांच्या घरात आहे. कुणी रानात तुटून पडलेलं रोटाव्हेटरचं पातं शोधायला घेतो, कुणी मातीखाली गेलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह. सोयाबीनच्या काढणीत पडलेलं डोरलं सापडलं, की शेजारच्या गावातूनही फोन येऊ लागतात. मग दिवाळीत नाहीतर उन्हाळ्यात घरची मंडळी गणपतीपुळ्याला किंवा अलिबागला निघतात आणि मशीन गाडीत सोबत येतं.

कोरड्या वाळूवर ते नीट चालतं. ओल्या वाळूवर पाऊल टाकलं की थांबायचं नाव घेत नाही, नुसतं ओरडत सुटतं. नव्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं, नाहीतर खाली सगळीकडं धातूच आहे. दोन्ही खरं नसतं. मशीन अजून आपल्या रानाच्या सेटिंगवर असतं आणि पायाखालची जमीन बदललेली असते. ते सेटिंग कसं बदलायचं ते इथं क्रमानं सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

मशीनची कॉइल, म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाची तबकडी, खाली चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली वीज वाहून नेणारी वस्तू असली की तिच्यात छोटे प्रवाह फिरतात आणि त्यांचा प्रतिसाद थोडा उशिरानं परत येतो. हा उशीर मोजून मशीन तांबं, चांदी, सोनं ओळखतं.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली आहे. तिच्यात लोहखनिज भरपूर, आणि लोहखनिजाचा प्रतिसाद जवळजवळ उशीर न लावता येतो. ग्राउंड बॅलन्स करतो म्हणजे आपण मशीनला सांगतो की हा प्रतिसाद जमिनीचा आहे, तो सोडून दे.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागं सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते पाणी वीज चांगली वाहून नेतं. म्हणजे ओली खारी वाळू मशीनला पातळ धातूच्या पत्र्यासारखी दिसते. वाईट गोष्ट ही, की टार्गेट आयडीच्या पट्टीवर (मशीन धातू ओळखून जो आकडा दाखवतं त्या पट्टीवर) हा मिठाचा आवाज जिथं पडतो, तिथंच सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी, कानातलं आणि सोन्याची बारीक साखळीही पडते. मीठ पूर्ण गप्प केलं तर साखळीही गप्प होते. किनाऱ्यावरची सगळी सेटिंग या एका अडचणीभोवती फिरतात.

कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. म्हणून वरच्या कोरड्या वाळूत ही भानगड नसते.

१. तुमचं मशीन कोणत्या जातीचं आहे ते बघा

*एकाच फ्रिक्वेन्सीचं.* फ्रिक्वेन्सी म्हणजे कॉइलचं क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. आपल्याकडं बहुतेकांकडं हेच असतं. गॅरेट कंपनीचं एस ३०० आय हे ८ किलोहर्ट्झवर चालतं, एटी प्रो १५ वर. अशा मशीनला मीठ किंवा लोहखनिज यांपैकी एकाचा तोल साधता येतो, दोन्ही एकदम साधत नाहीत. त्यातही ज्याला हातानं ग्राउंड बॅलन्स करता येत नाही (एस मालिकेतल्या साध्या मॉडेलांचं तसंच आहे), त्यानं कोरड्या वाळूवर राहावं हे उत्तम.

*अनेक फ्रिक्वेन्सींचं.* माइनलॅबचं इक्विनॉक्स, व्हॅनक्विश, एक्सपीचं ड्यूस २, नोक्टाचं लेजंड ही त्यातली. ही मशिनं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी तपासतात, त्यामुळं मीठ आणि खनिज दोन्ही वेगळे काढू शकतात. किनाऱ्यासाठीच नवं मशीन घ्यायचं असेल तर या जातीचंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

*पल्स इंडक्शनचं.* हे क्षेत्र सलग न सोडता ठोक्याठोक्यानं सोडतं. मीठ आणि काळी वाळू याला फारसा त्रास देत नाहीत आणि ते खोलही जातं. पण लोखंड आणि सोनं यांतला फरक ते नीट सांगत नाही, त्यामुळं प्रत्येक खिळा उकरावा लागतो. नव्या माणसानं यानं सुरुवात करू नये.

तुमच्या एकेरी (एकाच फ्रिक्वेन्सीच्या) मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी निवडायची सोय असेल, तर ओल्या वाळूवर सगळ्यांत खालची निवडा. फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितका मिठाचा त्रास जास्त. बदल्यात बारीक सोनं थोडं कमी ऐकू येईल.

आणखी एक गोष्ट: कॉइल पाण्यात चालते म्हणजे मशीन पाण्यात चालतं असं नाही. एस आणि व्हॅनक्विशची फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. एटी प्रो आणि इक्विनॉक्स ही मशिनं किमान ३ मीटर पाण्यापर्यंतची आहेत. पुस्तिकेत बघितल्याशिवाय लाटेजवळ जाऊ नका.

२. निघण्याआधी घरीच खारी वाळू करून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग सहलीचा अर्धा दिवस बटणं दाबण्यात जातो. रानात आखाड्यावर हे एका दुपारचं काम आहे.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा इंच खोल खड्डा घ्या. त्यात शेततळ्याचा उरलेला कागद अंथरा, म्हणजे मीठ जमिनीत जाणार नाही. नदीची वाळू भरा. एवढ्या वाळूला साधारण ५० लिटर पाणी लागतं, त्यात पावणेदोन किलो खडे मीठ विरघळवा आणि ओता. वाळूच्या वर पाणी किंचित चमकलं की झालं.

जागा निवडताना घराची गच्ची, पोर्च, सिमेंटचा रस्ता टाळा. स्लॅबमधल्या सळ्या मशीनला आधीच वेडं करतात. वरून विजेच्या तारा किंवा जवळ डीपी असेल तर तिथंही नको.

आपल्या गोदावरी-मांजरेच्या वाळूत बेसाल्टचे काळे कण असतात आणि कागदाखाली काळी माती आहेच. म्हणजे या खड्ड्यात मीठ आणि लोहखनिज दोन्ही एकत्र आले. किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागांपेक्षा ही परीक्षा अवघड आहे. इथं मशीन शांत ठेवता आलं तर तिथं सोपं जाईल.

आता कोरड्या मातीवर मशीन लावून तसंच खड्ड्यावर न्या. जे ओरडणं ऐकू येईल ते कानात बसवा, ते मीठ आहे. मग चांदीचं जोडवं, मंगळसूत्राची एक वाटी, बारीक साखळी आणि बाटलीचं झाकण अशा चार वस्तू दोऱ्याला बांधून चार बोटं खोल पुरा. दोरा विसरू नका, घरचं सोनं आहे. जोडवं ठणठणीत वाजेल, वाटी बऱ्यापैकी. साखळीचं मात्र वेगळं असतं. मशीनला ती अखंड वस्तू म्हणून दिसत नाही, तिची एकेक कडी वेगळी दिसते, म्हणून आवाज क्षीण येतो किंवा येतच नाही. तीच साखळी पदकासकट पुरून बघा, फरक लगेच कळतो.

काम झालं की ते पाणी रानात ओतू नका. खाऱ्या पाण्यानं जमीन चोपण होते. वाळू कागदासकट उचलून पडीक जागी टाका.

३. तिथी बघून दिवस ठरवा

कोकणात दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढं सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. जागेप्रमाणं अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, म्हणून पोचल्यावर एखाद्या मच्छीमार दादांना वेळ विचारून पक्की करा.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतं. भरती वर चढते आणि ओहोटीला पाणी खूप मागं जातं, म्हणजे एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा फार काही उघडं पडत नाही. माझी पसंती पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदा ते तृतीयेला. पाण्याला ओढ चांगली असते आणि ओहोटी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान येते. उजेड असतो, गर्दी नसते.

ओहोटीच्या दोन तास आधी सुरू करा, पाण्यामागं खाली उतरत जा, आणि पाणी फिरलं की वर या. मुंबई-अलिबागच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मोठा, मालवणकडं कमी. आपण धरणाच्या आणि विहिरीच्या पाण्याची माणसं, समुद्राचा अंदाज आपल्याला नसतो. गणपतीपुळ्याला माणसं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, कानाला हेडफोन असताना समुद्राकडं पाठ करू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका.

४. किनाऱ्यावर पोचल्यावर: सेटिंगचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. उलटसुलट केला तर प्रत्येक पायरी मागच्या पायरीला बिघडवते.

अ) खिशातला फोन फ्लाइट मोडवर टाका. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, सैल वायर हलली तरी मशीन वाजतं. कॉइलचं प्लॅस्टिकचं झाकण काढून आत वाळू-पाणी साचलेलं नाही ना ते बघा. ओली खारी वाळू तिथं अडकली की दिवसभर खोटे आवाज येतात आणि कारण सापडत नाही.

आ) बीच मोड असेल तर तो निवडा. इक्विनॉक्सला बीच १ आणि बीच २ असे दोन आहेत. वाळूवर १, पाण्यात उतरल्यावर २.

इ) नॉइज कॅन्सल करा (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट मशीन त्यानं टाळतं), कॉइल स्थिर ठेवून.

ई) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती क्षीण प्रतिसाद पकडतं ते, निम्म्यावर आणा. आपल्या रानात दहापैकी सात-आठवर ठेवायची सवय असते. इथं चार-पाचपासून सुरुवात.

उ) ओल्या वाळूवर, खाली धातू नाही अशी जागा बघून, ग्राउंड बॅलन्स करा. कॉइल जमिनीला समांतर ठेवून चार बोटांपासून गुडघ्यापर्यंत वरखाली करायची, आवाज एकसारखा होईपर्यंत. ज्या मशिनांवर ० ते ९९ अशी पट्टी असते, त्यांवर काळ्या मातीत आकडा वरच्या बाजूला बसतो आणि खाऱ्या वाळूत खाली शून्याकडं उतरतो. हा उतार बघून घाबरू नका, तेच बरोबर आहे.

ऊ) आता चालत चालत सेन्सिटिव्हिटी एकेक घर वाढवा. कुरकुर सुरू झाली की एक घर मागं या. तिथंच थांबा.

ए) डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गप्प करणं, सगळ्यांत शेवटी, आणि जेवढं कमी तेवढं चांगलं. फक्त लोखंड बंद करा. चंदेरी बंद केली तर बारीक सोनं गेलंच समजा. एकेरी मशीन काही केल्या शांत होत नसेल, तर मग नाइलाजानं पट्टीचा खालचा भाग बंद करा, आणि आज साखळी-कानातलं मिळणार नाही, अंगठी आणि जोडवी मिळतील, हे मनाशी धरून चाला.

नव्या माणसाला सेन्सिटिव्हिटी कमी करणं जिवावर येतं, खोली जाईल म्हणून. खाऱ्या वाळूवर उलटं घडतं. सतत ओरडणाऱ्या मशीनमध्ये खरा आवाज बुडून जातो. पाचवर शांत असलेलं मशीन वीतभर खोलीची अंगठी स्वच्छ सांगतं. आठवर ओरडणारं मशीन तिच्यावरून निघून जातं.

५. पट्टे ओळखा आणि प्रत्येक पट्ट्याला पुन्हा तोल साधा

किनारा म्हणजे एकसारखी जमीन नव्हे. वर कोरडी वाळू, मग भरतीची रेघ (शेवाळ, शिंपले, काटक्या जिथं पडतात ती), मग ओली घट्ट वाळू आणि शेवटी लाटांचा पट्टा. कोरड्यात साधलेला तोल ओल्यात चालत नाही. प्रत्येक पट्ट्यात ग्राउंड बॅलन्स नव्यानं करा.

म्हणून चालायचंही पाण्याला समांतर. वरून खाली, खालून वर असं चाललात तर दर चार पावलांना ओलावा बदलतो आणि मशीन भांबावतं. रानात आपण धुऱ्याला धरून तासानं चालतो, तसंच इथं पाण्याला धरून चालायचं.

कॉइल झाडूसारखी डावी-उजवीकडं फिरवताना वाळूला टेकेल न टेकेल अशी धरा, आणि दोन्ही टोकांना त्याच उंचीवर. हात टोकाला गेला की कॉइल आपोआप वर उचलली जाते. रानात ते खपतं, इथं नाही. उंची बदलली की मिठाचा प्रतिसाद बदलतो आणि प्रत्येक टोकाला एक खोटा आवाज येतो. तुम्हाला फक्त टोकालाच आवाज येत असतील, तर मशीनला हात लावू नका, मनगट सुधारा. वेगही निम्म्यावर आणा.

आता काळी वाळू. रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडपासून पूर्णगडपर्यंतच्या किनाऱ्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं जड, काळं खनिज आहे. गणपतीपुळं मालगुंडच्या शेजारीच येतं. लाट मागं गेल्यावर वाळूत काळ्या रेघा दिसल्या तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यातून ओढून बघा, किती कण चिकटतात त्यावरून लोहखनिजाचा अंदाज येतो. अशा जागी मीठ आणि खनिज एकत्र असतात, एकेरी मशीन हार मानतं. सेन्सिटिव्हिटी आणखी दोन घरं खाली घ्या, कॉइल दोन बोटं वर धरा, लहान कॉइल असेल तर ती लावा. लहान कॉइलला एका वेळी कमी जमीन दिसते, म्हणजे मीठही कमी दिसतं. तारकर्लीसारख्या पांढऱ्या वाळूवर हा त्रास नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यानं शक्य असेल तर तसाच किनारा निवडावा.

६. आवाज खरा की खोटा

खरा आवाज दोन्ही बाजूंनी, त्याच जागी, पुन्हा पुन्हा येतो. नव्वद अंशात फिरून आडवं तपासा, तरी तिथंच असला पाहिजे. मग कॉइल दोन इंच वर घ्या. मिठाचा आवाज एकदम नाहीसा होतो. धातूचा बारीक होतो, पण राहतो.

स्टीलची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणारी आहेत. त्यांचा आकडा एका जागी थांबत नाही, लोखंडापासून वरपर्यंत उड्या मारतो. मंगळसूत्राची वाटी मात्र बहुतेक वेळा एकाच आकड्यावर बसून राहते. हा फरक घरच्या खड्ड्यावर कानात बसवला असेल तर इथं फार उकरावं लागत नाही.

कुठं शोधायचं याचंही एक शास्त्र आहे. वाळूची घनता २.६५, ॲल्युमिनियमची २.७, शिशाची ११.३, शुद्ध सोन्याची १९.३. लाटा वस्तू वजनाप्रमाणं वेगळ्या करतात. ॲल्युमिनियमची झाकणं वाळूबरोबर कुठंही जातात, पण शिसं आणि सोनं एकाच जागी खाली बसतात. जाळ्याची शिशाची वजनं सापडायला लागली तर तो पट्टा सोडू नका. नुसती झाकणंच येत असतील तर पुढं चला.

७. उकरणं

आवाजाच्या मध्यापासून चार बोटं मागं सरकून स्कूप (वाळू गाळणारा भोकांचा डबा) घाला, थेट वरून घातला तर अंगठीवर ओरखडा पडतो. स्कूप स्टेनलेस स्टीलचा हवा. आपल्या गावातला फॅब्रिकेशनवाला आठ-दहा मिलिमीटरची भोकं पाडून चांगला करून देतो. खड्डा रिकामा झाल्यावर पुन्हा तपासा आणि मग बुजवा. एकही खड्डा उघडा ठेवू नका, अंधारात त्यात पाय मुरगळतो. निघालेली झाकणं, खिळे, तारा पिशवीत भरून कचऱ्यात टाका.

नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, तीही भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत. तिथं त्या काळात अजिबात उकरू नका. कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

८. कायदा आणि माणसं

आपल्या गावात मशीन दिसलं की गुप्तधनाची कुजबुज होते. कोकणात संशय वेगळा असतो. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि २००८ मध्ये मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हापासून तिथले लोक आणि पोलीस सावध असतात, आणि ते योग्यच आहे. पोचल्यावर आधी स्थानिक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत सांगा, परवानगी मागा. नाही म्हणाले तर मशीन गाडीत ठेवा.

१८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणं जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, तिला १९७२ चा वेगळा कायदा लागू होतो. किल्ल्यांच्या पायथ्याशी मशीन चालवू नका. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जाता येतो तो कुलाबा किल्ला संरक्षित स्मारक आहे. सरावासाठीसुद्धा तेर, पैठण, भोकरदन इथल्या जुन्या वस्तीच्या पांढरीवर जाऊ नका.

आजच्या काळातला दागिना सापडला तर फोटो, जागा आणि वेळ लिहून पोलीस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या. त्या दागिन्यामागं कुणाचं तरी घर हळहळत असतं.

सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड, मशीनचं बिल, परवानगीचा कागद असेल तर तो
- मशीनची पुस्तिका (फोनमध्ये नको, कागदावर)
- हेडफोन, जादा बॅटरी किंवा पॉवर बँक
- वरच्या डब्यासाठी प्लॅस्टिकचं आवरण
- स्टीलचा स्कूप, कचऱ्याची पिशवी, चेन असलेला खिसा किंवा छोटी थैली
- वही-पेन: पट्टा, ग्राउंड बॅलन्सचा आकडा, सेन्सिटिव्हिटी लिहायला
- गोडं पाणी, किमान एक कॅन

९. परत निघताना

यादीतलं गोडं पाणी पिण्यासाठी नाही, मशीनसाठी आहे. कॉइल, खालचा दांडा, स्कूप आणि जोडावरचे नटबोल्ट गोड्या पाण्यानं धुवा. कॉइलचं झाकण काढून आतूनही. वरचा डबा पाण्यात चालणारा नसेल तर तो नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा. दांड्याचे भाग सुटे करून वाळवा, आत राहिलेली वाळू पुढच्या वेळी दांडा अडकवून टाकते. बॅटरी काढून ठेवा.

घरी आल्यावर मशीन फॅक्टरी सेटिंगवर न्या आणि काळ्या रानात नव्यानं ग्राउंड बॅलन्स करा. किनाऱ्याचे आकडे वहीत आहेतच, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येईल.